नुकसान निरंक: सातपुड्यातल्या एका वणव्याचं प्रकरण

पंचनाम्याची झेरॉक्स माझ्यासमोर आहे. दीड पान. कक्ष क्रमांक, जळालेलं क्षेत्र, आगीचं कारण: अज्ञात. इमारती लाकडाचं नुकसान: निरंक. अन्य नुकसान: निरंक. खाली पंचांच्या दोन सह्या आणि एक अंगठा. हा अंगठा ज्या दादांचा आहे, त्यांच्या घराच्या वाटणीचे सात मोह त्या तीन दिवसांत होरपळले होते. कागद त्यांना वाचून दाखवला होता. 'निरंक' म्हणजे काय, हे त्यांनी मला आठ दिवसांनी विचारलं. मी सांगितलं, "म्हणजे काही नाही, दादा." ते बराच वेळ गप्प बसले.

त्या एका शब्दासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या माणसाला जागा समजावून सांगायला नको. उत्तरेला सातपुड्याची भिंत, पायथ्याला केळीचे मळे, मधल्या उतारांवर पाडे. आमचं घर खाली, केळीत. काही वर्षांपासून मी वरच्या ग्रामसभांबरोबर सामूहिक वनहक्काच्या कागदपत्रांचं काम करतो. हा पाडा साठेक घरांचा, बहुतेक पावरा आदिवासी. यावल अभयारण्याच्या हद्दीबाहेर, पण राखीव जंगलाला अगदी खेटून. पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चौकशी अजून बंद झालेली नाही, आणि नाव आलं की पुढचा प्रश्न 'कोणाच्या झाडाखाली' हाच येतो.

जंगल पानझडीचं, कोरडं. साग, अंजन, धावडा, सालई, टेंभुर्णी, चारोळी, मोह. फेब्रुवारीत साग पानं टाकायला लागतो आणि मार्चमध्ये त्या पाचोळ्यावरून माणूस चालला तर पापड मोडल्यासारखा आवाज येतो.

पहिले साडेसोळा तास

गेल्या वर्षीची गोष्ट. होळी होऊन नऊ दिवस झाले होते. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला आणि होळीला ऊसतोडीवरून, वीटभट्टीवरून परत आलेली माणसं मोहासाठी थांबली होती. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास नाल्यापलीकडच्या टेकडीवर धूर दिसला. पाड्यातल्या निदान दहा-बारा जणांनी तो पाहिला. कोणीही फोन केला नाही.

आठ वाजता खालच्या गावांतून डोंगरावर लाल माळ दिसायला लागली. "डोंगर पेटला रे भो," म्हणत पोरांनी गच्चीवरून फोटो काढले, स्टेटसला ठेवले. मीही गच्चीवर होतो. दर वर्षी दिसतं तसंच दिसलं आणि मी जेवायला खाली आलो. हे लिहायला मला जड जातंय, पण दुसऱ्यांच्या उशिराबद्दल लिहायचं तर स्वतःचा उशीरही लिहिला पाहिजे.

मग या आगीची पहिली नोंद कोणी घेतली? उपग्रहानं. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहावरून आगीच्या सूचना देते. आता त्या थेट त्या भागाच्या, म्हणजे बीटच्या, वनरक्षकाच्या मोबाइलवर येतात. आधीच्या यंत्रणेचा एक ठिपका म्हणजे एक किलोमीटरचा तुकडा होता, नव्या यंत्रणेचा ठिपका ३७५ मीटरचा आहे. त्यामुळे लहान आगीही पकडता येतात. पण हा नव्या यंत्रणेचा उपग्रह आपल्या डोक्यावरून ठरल्या वेळीच जातो, दुपारी दीडच्या आसपास आणि रात्री दीडच्या आसपास. संध्याकाळी साडेसहाला लागलेली आग त्याला दिसेपर्यंत रात्रीचा दीड वाजतो. म्हणजे पाड्यातला माणूस उपग्रहाच्या सात तास पुढे होता.

संदेश वनरक्षकाला सकाळी मिळाला, कारण तो राहतो तिथं रेंज येते-जाते. तीन फायर वॉचर घेऊन तो अकरा वाजता पोहोचला. त्याच्या बीटचा पसारा पाहिला तर याला मी उशीर म्हणणार नाही. ते सात तास मात्र मला झोपू देत नाहीत. पाड्यानं फोन का केला नाही?

उत्तर मला एकदम मिळालं नाही. तीन-चार घरी चहा झाला, त्यानंतर एका तरुणानं सांगितलं, "भाऊ, जो आधी फोन करतो त्यालाच आधी विचारतात, तुला कसं कळलं?" भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरवतं. त्याच कायद्यात कलम ७९ आहे. ज्यांचा जंगलावर हक्क आहे त्यांनी आगीची खबर दिली पाहिजे आणि विझवायला मदत केली पाहिजे, असं ते सांगतं. दोन्ही कलमं कागदावर नीट शेजारी बसतात. पाड्यात एक दुसऱ्याचा गळा धरतं. शिवाय कलम २६ मध्येच अशीही तरतूद आहे की मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं आग लागली, तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार काही काळ बंद ठेवू शकतं. कलमाचा आकडा पाड्यात कोणाला माहीत नाही, धाक मात्र पोरापोराला माहीत आहे. ज्याच्या घरात मोहाशिवाय पावसाळ्याच्या बियाण्याला पैसा नाही, तो धूर दिसल्यावर आधी दार लावून घेतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं.

चढ

दुपारी वारा सुटला. तोवर आग नाल्याच्या कोरड्या पात्रातून अलीकडे आली होती आणि दक्षिण उताराला लागली होती. आग चढावर किती वेगानं जाते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. जाणकारांचा ठोकताळा असा, की दर दहा अंश चढाला वेग दुप्पट होतो. ज्वाळा वर झुकतात, पुढचा पाचोळा आधीच तापून ठेवतात, आणि मग तो नुसता ठिणगीची वाट पाहत असतो. उलट उताराकडे आग हळू येते, पण तिथं दुसराच धोका असतो. पेटलेला ओंडका किंवा वाळलेलं शेण गडगडत खाली येतं आणि विझवणाऱ्यांच्या पाठीमागे नवी आग लावतं. त्या दिवशी दोनदा असं झालं.

पाड्यातले तीसेक जण आता बाहेर पडले होते. वनरक्षक आलाय म्हणजे खबर 'वरून' गेली, आपल्यातल्या कोणी दिली नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. हत्यार एकच, हिरवी फांदी. फांदी वरून आपटायची नसते, आपटली की निखारे उडतात. ती आगीवर ठेवून जळालेल्या बाजूकडे ओढायची असते. बायका हे पुरुषांपेक्षा चांगलं करत होत्या. एका पोराच्या पायातली रबरी चप्पल वितळून तळव्याला चिकटली. त्याला खाटेवर घालून खाली आणला. तो महिनाभर कामाला जाऊ शकला नाही.

वरच्या धारेवर जाळरेषा होती. या रेषेवर आग अडेल असा सगळ्यांचा हिशोब होता. ती अडली नाही, आणि ती का अडली नाही हे समजून घेण्यासारखं आहे. जाळरेषा हे जुनं तंत्र. सातपुड्यातच, पूर्वेकडे होशंगाबादच्या बोरी जंगलात, इंग्रजांनी १८६० च्या दशकात आगीपासून राखण सुरू केली. तेव्हापासून हेच मुख्य हत्यार राहिलं आहे: हिवाळ्यात पट्टा कापायचा, गवत-पाला जाळायचा, जमीन उघडी करायची. इथंही पट्टा जानेवारीत साफ झाला होता. पण सागाची पानगळ त्यानंतर सुरू होते. मार्चमध्ये त्याच पट्ट्यावर पुन्हा घोटाभर पाचोळा होता. खात्याच्या लेखी वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. त्याच्या आत रेषा झाली, बिलं निघाली, काम पूर्ण. झाडाला ती तारीख ठाऊक नव्हती. तिसऱ्या दिवशी आग थांबली ती कातळाच्या कड्यापाशी. तिथं पुढं जाळायला काहीच नव्हतं.

पानात फूल दिसत नाही

कोणी लावली? पाड्यात पहिलं बोट बाहेरच्याकडे जातं: ठेलारी, काठेवाडी, मेंढ्या-गुरं घेऊन येणारे. खालच्या गावांत बोट पाड्याकडे जातं, नेवाडासाठी, म्हणजे जंगल साफ करून शेती काढण्यासाठी, जाळलं असणार. मी जाऊन पाहिलं. जळालेल्या पट्ट्याचं खालचं टोक, जिथून काळं सुरू होतं, ते मोहाच्या झाडांच्या एका झुंबड्यापाशी होतं. नेवाडाची जमीन तिथं जवळपास नाही.

दादांच्या घरातल्या बाईंनी मला झाडाखाली नेऊन दाखवलं. मोहाचं फूल पहाटे गळतं. पिवळसर, रसाळ, बोटाच्या पेराएवढं. खाली पाचोळा असेल तर ते त्यात बुडतं. "पानात फूल दिसत नाही बाबा, आणि पानाखाली विंचू असतो. लेकरं वेचतात ना." म्हणून हंगामाच्या सुरुवातीला झाडाखालचा पाला गोल जाळून टाकायचा. त्यांच्या सासूनं हेच केलं, तिच्या सासूनंही. सकाळी दव असताना जाळलं की आग गोलाबाहेर जात नाही. फसगत होते ती बुंध्याशी पडलेल्या वाळक्या लाकडात. ते आतल्या आत दिवसभर धुमसतं, राख झालेलं दिसतं, आणि संध्याकाळच्या वाऱ्यात एक इंगळ उडतो.

त्या दिवशी तिथं असंच झालं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण 'आदिवासी जंगल जाळतात' म्हणणाऱ्यांनी हे झाडाखाली येऊन ऐकावं. आणि 'आदिवासी कधीच जाळत नाहीत' म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनीही ऐकावं. त्या बाईंना ही गोष्ट लपवावी लागू नये, इतकीच माझी इच्छा आहे. लपलेल्या गोष्टीवर उपाय काढता येत नाही.

निरंकमध्ये काय काय होतं

पंचनामा खोटा नाही, हे आधी सांगतो. आपल्याकडचा वणवा जमिनीवरून जातो, गुडघ्या-कमरेएवढ्या ज्वाळा. मोठ्या सागाची साल जाड असते, तो बुंध्याशी काळा पडतो आणि जूनमध्ये पुन्हा पानं काढतो. इमारती लाकूड शाबूत, नुकसान निरंक. पहिला पाऊस झाला की डोंगर हिरवा होतो आणि आपण सगळेच विसरतो.

गेलं ते गुडघ्याच्या खालचं. जळालेल्या उतारावर बाजूची माती उकरून दादांनी मला सागाचं एक रोप दाखवलं. वर बोटभर काळी काडी. खाली मूळ मनगटाएवढं. दर वर्षी ते शेंडा काढतं, दर वर्षी शेंडा जळतो, मूळ मात्र वाढत राहतं. "हे पोर नाही, म्हातारं आहे," दादा म्हणाले. साग निदान एवढं तरी सोसतो. अंजन दर वर्षी भरपूर बी धरत नाही. ज्या वर्षी धरतो, त्यानंतर लगेच आग गेली की ती सगळी पिढीच गेली. त्या उतारावर अंजनाची मोठी झाडं आहेत, कमरेएवढं एकही नाही. घरात आजे-पणजे आहेत आणि पाळणा रिकामा, असं ते जंगल आहे.

त्यांची जागा घेतं कुसळी गवत आणि घाणेरी. जाळलं की नवा चारा येतो, ही समजूत अर्धी खरी आहे. पहिला कोंब गोड येतो. पण वर्षानुवर्षं जाळत राहिलं की कुसळीलाच फावतं, आणि कुसळ धरलेल्या गवताला जनावर तोंड लावत नाही.

एक जुना धावडा होता, आतून पोकळ. आग त्याच्या बुंध्याच्या भोकातून शिरली आणि तो चार दिवस चिमणीसारखा धूर टाकत राहिला. वणवा विझल्यावरही. अशा ढोल्यांत आपला रानपिंगळा घरटं करतो. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला खात्रीनं दिसला नव्हता, जगातून संपला असं धरलं होतं. १९९७ च्या नोव्हेंबरात पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो पुन्हा सापडला, तो इथंच, खान्देशात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला. त्याला ढोली लागते, ढोलीला म्हातारं झाड लागतं, आणि म्हातारं पोकळ झाडच आगीत सगळ्यात आधी जातं. लाकूड म्हणून त्याला किंमत नाही. निरंक.

आता घरांकडे येऊ. ज्या मोहांच्या खालून आग गेली त्यांच्या खालच्या फांद्यांवरच्या कळ्या शिजून काळ्या पडल्या. मोह तीन-चार आठवडे चालतो. त्या घरांचा तो पाचव्या दिवशी संपला. वाळवलेला मोह म्हणजे जूनचं बियाणं, खत, शाळेच्या वह्या आणि उसनवारीची परतफेड. आमच्याकडे जसं केळीचं पट्टीचं पाकीट, तसं त्यांचं मोहाचं पोतं. ज्या घरांचा मोह गेला, ती माणसं एप्रिलमध्येच केळीच्या मजुरीला खाली उतरली. मे महिन्यात टेंभुर्णीच्या पानांचा हंगाम आला तेव्हा पाड्यात हात कमी होते, तोही अर्धा बुडाला. चारा जळाला म्हणून दोन घरांनी बैल विकले, आणि उन्हाळ्यात बैल विकणारा माणूस अडलेला आहे हे बाजारात सगळ्यांना कळतं. मेअखेरीस वळवाची एक जोरदार सर आली. उतारावरची सगळी राख झिऱ्यात उतरली. पंधरा दिवस बायका पाणी फडक्यातून दोनदा गाळत होत्या, तरी हंड्याच्या तळाला काळा थर बसायचा. तो हंडा मी पाहिला आहे.

एकाचा गोठा जळाला होता, त्याची मदत मिळाली. गोठ्याला रकाना आहे. मोहाला नाही.

खालची विहीर

हे प्रकरण वरचंच आहे असं आम्हा केळीवाल्यांना वाटतं, म्हणून थोडं खाली येतो. सातपुडा जिथं सपाटीला टेकतो तिथं दगड-गोटे आणि वाळूचा पट्टा आहे, भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून येणारे नाले या पट्ट्यात पाणी मुरवतात आणि तेच पाणी खाली तापीकडच्या गाळाच्या जमिनीत आमच्या ट्यूबवेलना येतं. डोंगरावर पाचोळा असेल तर पाऊस थांबत थांबत उतरतो. पाचोळा जळालेला असेल तर तो राख-माती घेऊन धावत सुटतो, आणि तीच बारीक माती गोट्यांच्या फटी बुजवते. दर वर्षी बोअर खोल करत जाणारा आमचा पट्टा वर जळणाऱ्या पाचोळ्याकडे फोटो काढण्यापुरतंच पाहतो.

मी हे चार शेतकऱ्यांना सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं. तिसऱ्यानं नेवाडाचा विषय काढला. चौथ्यानं, माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसानं, विचारलं, "मंग आपन काय कराचं ते सांग."

या वर्षी

दिवाळीनंतर पाड्यातल्या वीस-बावीस जणांना घेऊन आम्ही साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला गेलो. चैत्राम पवारांचं गाव, २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गावानं स्वतः नियम करून, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी करून, दंड बसवून सुमारे ४०० हेक्टर जंगल राखलंय. भाषणापेक्षा आमच्या माणसांना तिथली जमीन बोलली. दादा खाली बसले आणि पाचोळ्यात हात घातला. वरचा थर कोरडा, खालचा ओला, त्याखाली काळी माती. ते हात हुंगत राहिले.

परत आल्यावर ग्रामसभेत तीन रात्री भांडण झालं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वन राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिलाय, तो वापरायचा कसा यावर. ठरलं ते असं. मोहाखालचा पाला जाळायचा नाही, खराट्यानं झाडायचा, आणि जमेल तिथं झाडाखाली जाळी बांधायची. फूल जाळीत पडलं की माती लागत नाही, विंचवाची भीती नाही, आणि स्वच्छ फुलाला व्यापारी जरा बरा भाव देतो. जाळ्यांचे पैसे त्या चौथ्या शेतकऱ्यानं आणि त्याच्या दोन भावांनी दिले. अर्ध्या घरांना पुरल्या. उरलेल्या अर्ध्या घरांची नाराजी अजून आहे, आणि ती बरोबर आहे.

दुसरं, जाळरेषा मार्चच्या मध्याला पुन्हा झाडायची. हे या वर्षी एकदाच जमलं, श्रमदानानं. मोहाच्या ऐन हंगामात श्रमदान मागणं म्हणजे गरिबाच्या ताटातलं मागणं आहे. या दुसऱ्या झाडणीला मजुरी मिळायलाच हवी. त्यासाठीचा अर्ज आम्ही दिलाय, उत्तर आलेलं नाही.

तिसरं सगळ्यात अवघड होतं आणि कुठल्याच कागदावर नाही. वनरक्षक ग्रामसभेत येऊन बसला आणि म्हणाला, फोन करणाऱ्याचं नाव मी विचारणार नाही. एवढंच. कायद्यानं त्याला असा शब्द देता येतो का, यावर वकील लोक वाद घालतील. मला एवढं माहीत आहे की या हंगामात तीन फोन गेले, आणि त्यातला पहिला फोन धूर दिसल्यापासून वीस मिनिटांत गेला. त्यातल्या दोन आगी चार-पाच जणांनी फांद्यांनी विझवल्या. तिसरी एप्रिलमध्ये पलीकडच्या बाजूनं आली आणि आख्खा एक उतार घेऊन गेली. त्या वनरक्षकाची आता बदली होणार असं कानावर येतंय. नवा येईल त्याला हा शब्द पुन्हा मागावा लागेल.

तिसऱ्या आगीचा पंचनामा ग्रामसभेनं स्वतःच्या वहीत वेगळा केला. रकाने बायकांनी ठरवले: कोणाचा मोह, किती झाडं, किती दिवस फूल मिळालं नाही, चारा, झिरा, कोण भाजलं, कोण लवकर मजुरीला उतरलं. सगळे भरून झाले. शेवटचा रकाना दादांनी सांगितला आणि लिहिणाऱ्या मुलीनं त्यांच्याच शब्दांत मांडला: 'काय उगवलं नाही'. तो सध्या कोरा आहे. जुलैत, दमदार पाऊस होऊन गेल्यावर, उतारावर जाऊन भरायचा आहे. मुलगी म्हणाली, जे नाही ते कसं मोजणार? दादा म्हणाले, मला बरोबर न्या, कुठं काय होतं ते मला ठाऊक आहे.